विज्ञानकथेच्या धंद्यावरच विज्ञानकथा: संपादकाला पुढच्या वर्षीचा अंक येतो, पुढे काय?

सातरस्ता

सोलापुरातल्या आमच्या वाचनगटाच्या दिवाळी विशेषांकासाठी ३,००० शब्दांची कथा द्यायची आहे. विषय पक्का झालाय: विज्ञानकथेच्या दुनियेवरच विज्ञानकथा. पात्रं म्हणजे लेखक, संपादक, वाचक, आणि घडणारी अजब गोष्टही त्याच धंद्यातली.

कथानक असं. मार्च १९७५. नव्या पेठेत एका माडीवरून विज्ञानकथांचं छोटं मासिक निघतं (मासिक आणि माणसं सगळी काल्पनिक). संपादक एकटाच. कथा तोच निवडतो, मुद्रितं तोच तपासतो, वर्गणीदारांचे पत्तेसुद्धा तोच लिहितो. एके दिवशी टपालात त्याला त्याच्याच मासिकाचा अंक येतो, मुखपृष्ठावर मार्च १९७६. आत चार कथा, चारही अजून कुणी लिहिलेल्या नाहीत.

इथवर जमलंय, पुढे गाडी अडली. अशा कथा आधी कुणी आणि कशा लिहिल्यात ते कळलं तर तेच पुन्हा करणं टळेल. गटातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात चार विज्ञानकथाही वाचलेल्या नाहीत, त्यांना यात काय गंमत वाटणार? त्या चार कथा कथेत किती दाखवायच्या? खऱ्या लेखकांची नावं घालावीत का? आणि टपालातून अंक येणं मला स्वतःलाच लंगडं वाटतंय.

जुना_फर्मा

तुमचं कथानक प्रत्यक्षात घडून गेलेलं आहे, तेव्हा आधी ते ऐका. अमेरिकेतल्या 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' मासिकाच्या नोव्हेंबर १९४८ च्या अंकात एका वाचकाचं पत्र छापलं गेलं. अंकातल्या कथांना गुण देणारी पत्रं तिथे नेहमीच यायची. या पठ्ठ्याने गुण दिले होते ते नोव्हेंबर १९४९ च्या अंकाला, कथांची आणि लेखकांची नावं घालून. संपादक जॉन कॅम्पबेलने काय करावं? त्या लेखकांना गाठलं, त्याच नावांच्या कथा लिहायला सांगितल्या आणि वर्षभराने नोव्हेंबर १९४९ चा अंक जवळजवळ त्या पत्राबरहुकूम काढला. हाइनलाइनची 'गल्फ' ही कथा त्यातूनच आली.

यातली मेख लक्षात घ्या. काळातून काहीच आलं नाही. एक पत्र आलं आणि संपादकाने आपल्या हातात असलेलं एकच हत्यार वापरलं: लेखकाला पत्र लिहून कथा मागवणे. तुमच्या संपादकाच्या हातातही तेच आहे. तो काळयंत्र शोधत बसला किंवा पोलिसांत गेला तर कथा भरकटली. चार लेखकांना चार पोस्टकार्डं टाकून तो बसला, आणि कार्डात त्याने कथेचं नुसतं नाव कळवलं, की कथा चालू झाली.

आता आधी झालेलं. फ्रेडरिक ब्राउनची 'व्हॉट मॅड युनिव्हर्स' (मासिकात १९४८, पुस्तक १९४९) कादंबरी आहे, पण पाया म्हणून माहीत हवी. विज्ञानकथा मासिकाचा संपादक एका अशा विश्वात जाऊन पडतो जे त्याच्याच मासिकाला पत्रं पाठवणाऱ्या एका पोराच्या डोक्यातलं आहे. मुखपृष्ठावरचे राक्षस तिथे रस्त्याने हिंडतात. फिलिप के. डिकच्या 'वॉटरस्पायडर'मध्ये (१९६४) पुढच्या शतकातल्या लोकांची समजूत असते की विसाव्या शतकातले विज्ञानकथालेखक हे भविष्य दिसणारे लोक होते. म्हणून ते १९५४ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या विज्ञानकथा-संमेलनातून लेखक पोल अँडरसनला उचलून नेतात. डिकचीच 'ऑर्फियस विथ क्ले फीट': एक प्रवासी भूतकाळात जाऊन जॅक डाउलँड नावाच्या लेखकाला स्फूर्ती द्यायला बघतो आणि सगळा विचका करतो. ही कथा डिकने छापली ती जॅक डाउलँड याच नावाने, आणि कथेतला डाउलँड आपली कथा छापतो ती फिलिप के. डिक या टोपणनावाने. लॅरी निवेनच्या १९८९ च्या एका कथेत अवकाश-खर्चाचा विरोधक असलेला सिनेटर भूतकाळात औषध पाठवून हाइनलाइनचा क्षय बरा करायला निघतो, म्हणजे तो नौदलातच राहील आणि लिहिणार नाही. माणूस बरा होतो, बढत्या घेत वर चढतो, आणि अवकाश कार्यक्रम पहिल्यापेक्षा मोठा होतो.

सगळ्यात छोटी आणि माझ्या मते सगळ्यात धारदार आर्थर सी. क्लार्कची, १९६६ ची. पानभरसुद्धा नाही. आहे काय, तर संपादकाचं 'साभार परत'चं पत्र. तुमची कल्पना नवी नाही, असं संपादक लेखकाला कळवतो; ज्याचं लेखन तो पुरं करायच्या आतच दुसरा कुणी छापून टाकतो अशा लेखकाच्या कथा एच. जी. वेल्सपासून चालत आल्यात, मला आठवड्याला एक तरी असं बाड येतं, त्याची सुरुवात अशी असते... आणि तिथून तेच पत्र पहिल्यापासून पुन्हा सुरू. वर गंमत अशी की ज्या कथेचा दाखला वेल्सच्या नावाने दिला ती होती मॉर्ली रॉबर्ट्सची. ती चूक निस्तरायला क्लार्कला पुढच्या वर्षी वेगळा लेख लिहावा लागला.

या प्रकाराचे संग्रह आणि सूचीही निघाल्यात. माइक रेझ्निकने १९९२ मध्ये विज्ञानकथेवरच्या १७ विज्ञानकथांचा संग्रह काढला. तो मिळाला तर सलग वाचू नका. पाच-सहा कथांनंतर लक्षात येतं की निम्म्यांना ओळखीच्या माणसांकडे बघून डोळा मारण्यापलीकडे काही करायचं नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. कथा लिहून झाली की संपादकाच्या जागी शिंपी घालून बघा. कथा तशीच चालली तर धंदा नुसता पडद्यावर रंगवलाय. क्लार्कची कथा शिंप्याला घेऊन होतच नाही, कारण नाकारणं हेच तिचं यंत्र आहे. आणि नाकारलं जाणं कळायला विज्ञानकथा वाचलेल्या असाव्या लागत नाहीत.

गॅली_प्रूफ

कथेच्या बाजूने जुना_फर्मा बोललेत. मी कागदाच्या बाजूने बोलतो, कारण १९७५ चा संपादक हातात अंक आल्यावर आधी कथा वाचणार नाही. अंक उलटा करून शेवटच्या पानाचा तळ बघेल.

तिथे काय असतं? मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि छापखान्याचा पत्ता. ही ओळ हौसेची नाही. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने मुद्रकाचं, प्रकाशकाचं नाव आणि ठिकाण छापणं सक्तीचं होतं, आणि नियतकालिकावर संपादकाचं नावही. तुम्ही महिना मार्च घेतलाय तो तर लाखात एक, ठरवून घेतला नसेल तरी. वृत्तपत्र नोंदणीच्या १९५६ च्या नियमांत नियम ८ होता. दरवर्षी फेब्रुवारी संपल्यावर जो पहिला अंक निघेल त्यात मालकीचं निवेदन छापायचं. नमुना ४. मासिक असेल तर ते मार्चच्या अंकातच यायचं. त्यात प्रकाशनाचं ठिकाण, कालावधी, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं, राष्ट्रीयत्व, पत्ते, मालकाचं नाव, आणि खाली 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' अशा अर्थाचं वाक्य, तारीख, प्रकाशकाची सही.

आता तुमच्या संपादकाने मार्च १९७६ चा नमुना ४ वाचला आणि संपादक या रकान्यात दुसऱ्याच कुणाचं नाव निघालं तर? चार कथांपेक्षा त्या चौकटीत जास्त भविष्य भरलंय. शिवाय ते सरकारी मराठीत आहे, त्यामुळे तुम्हाला भावना लिहाव्या लागणार नाहीत. चौकट जशीच्या तशी द्या, ८० ते १०० शब्दांत बसते.

दुसरं, २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. ती उठली मार्च १९७७ मध्ये. म्हणजे तुमचा मार्च १९७६ चा अंक सेन्सॉरच्या काळातला, आणि वाचणारा माणूस मार्च १९७५ मधला, ज्याला यातलं काही ठाऊक नाही. संपादकीयाच्या जागी अर्धा रकाना कोरा दिसला तर त्याला वाटेल जुळाऱ्याने (छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्याने) मजकूर कमी पडू दिला. वाचकाला मात्र बरोबर कळतं. ते वाचकावर सोडा, आणीबाणी हा शब्दसुद्धा येऊ देऊ नका.

आता छपाईतल्या चुका, ज्या अशा कथांत हमखास होतात. १९७५ ला छोटं मासिक म्हणजे धातूच्या अक्षरांचे खिळे जुळवून छपाई. 'संपादकाने शेवटच्या क्षणी ओळ बदलली' असं लिहिणं सोपं, पण ओळ बदलायची म्हणजे जुळाऱ्याने गॅलीतली, म्हणजे जुळलेल्या ओळींच्या तबकातली, ओळ काढून नवी बसवायची. नवी लांब झाली तर परिच्छेद संपेपर्यंतच्या सगळ्या ओळी पुढे सरकतात. फर्मा, म्हणजे एकदम छापायच्या पानांचा संच, यंत्रावर चढल्यावर तर छापखान्याचा मालक हात लावू देत नाही. एक फर्मा १६ पानांचा धरा. डेमी आकाराच्या पानावर साधारण ३०० शब्द, म्हणजे ६४ पानांचा अंक चार फर्म्यांचा आणि सगळा मिळून १९,००० शब्दांच्या आसपास. जाहिराती, वर्गणीची सूचना, वाचकांची पत्रं वजा केली तर चार कथांना १४-१५ हजार उरतात. तुमच्या चारही कथा दीर्घकथा असतील तर त्या अंकात मावणार नाहीत, आणि जुनी मासिकं पाहिलेला वाचक ते पकडेल.

देवनागरीत खिळ्यांची पेटी कधीच पुरी पडत नाही हेही वापरता येईल. जोडाक्षरांचे वेगळे खिळे, आणि दोन फर्मे एकदम अडकले की एखादं अक्षर संपतंच. पुढच्या वर्षीच्या अंकात एका कथेत एकच जोडाक्षर सगळीकडे हलन्त देऊन जुळवलंय, एवढ्यावरून जुळारी सांगेल, "हा आपल्याच पेटीचा माल आहे, साहेब." अंक बनावट नाही हे सिद्ध करायला शाई तपासणाऱ्या शास्त्रज्ञाची गरज नाही.

सातरस्ता

नमुना ४ वर उडीच मारली. महिना खरंच ठरवून घेतला नव्हता. पण अंक पोचतो कसा हे अजून तिथेच आहे. रजिस्टर पार्सल केलं तर तिकिटं, शिक्के, पाठवणारा, सगळं दाखवावं लागतं, आणि वाचक टपाल खात्यातच अडकतो.

पूर्वभाग

सोलापुरात बसून टपालाचा विचार कशाला करायलाव? मजकूर साठवणारं यंत्र इथं घराघरांत खडखडायचं की ओ. जकार्ड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागावर विणायची चादरीची नक्षी पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोकं पाडून ठेवलेली असते. एक पत्ता म्हणजे एक आडवा धागा. पत्त्यावर जिथं भोक तिथला हुक वर जातो आणि त्याला बांधलेला उभा धागा उचलला जातो. भोक नाही तिथं धागा खालीच राहतो. सगळे पत्ते दोरीनं ओवून माळ करतात, माळ फिरत राहते, नक्षी पुन्हा पुन्हा येते. फ्रान्समधल्या जकार्डनं हे १८०४ च्या सुमारास बसवलं, आणि बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी पत्त्यांची कल्पना त्याच्याकडूनच उचलली. १९७५ ला इथं कागदी पत्तेच होते, इलेक्ट्रॉनिक जकार्ड फार नंतरचं.

आता हिशेब. ४०० हुकांचं जकार्ड धरा. एका पत्त्यावर ४०० जागा, प्रत्येक जागी भोक आहे किंवा नाही. मराठीची व्यंजनं, स्वर, काना-मात्रा, अनुस्वार, हलन्त, आकडे, विरामचिन्हं, मोकळी जागा असं सगळं मोजलं तर ६४ च्या वर जातं, १२८ च्या आत राहतं. सहा जागांच्या ६४ मांडण्या होतात, सातांच्या १२८, म्हणजे एका चिन्हाला सात जागा. ४०० भागिले ७, एका पत्त्यावर ५७ चिन्हं आणि एक हुक रिकामा. मराठी शब्द मधल्या जागेसकट सरासरी सात चिन्हांचा धरा. ३०० शब्दांचं पान म्हणजे २,१०० चिन्हं, म्हणजे ३७ पत्ते. ३,००० शब्दांची कथा ३६९ पत्त्यांत. अख्खा अंक नको, एक कथा आणि तो नमुना ४ एवढंच येऊ दे. ३८५ च्या आत काम होतं. हे एका माणसाला उचलता येणारं गाठोडं आहे, त्यामुळं ते दारात ठेवून जाणारा माणूस दाखवायचीही गरज नाही. पत्ते पंच करणाऱ्याकडं कुणाचं तरी न नेलेलं डिझाईन म्हणून पडून असलेलं चालेल.

पण हे संपादकाला कळणार कसं? तो पत्ते वाचणार नाही. कळणार मागवाल्याला, तेही कापड बिघडल्यावर. कथेचा खरा दाणा इथं आहे, म्हणून जरा नीट सांगतो.

मागवाला माळ चढवतो. नक्षी काय आहे ते आलेखाचा कागद नसल्यामुळं माहीत नाही, विणून बघू म्हणतो. कापड उतरतं ते ना फूल ना मोर, नुसती रवाळ गर्दी. तसं तर पत्ते उलटसुलट ओवले तरी होतं. पण दोन गोष्टी जुळत नाहीत. पहिली, काही उभे धागे लांबवर मोकळे सुटलेत, बोट घातलं की अडकतंय. कुठलाही डिझाईनवाला असं काढत नाही, कारण असलं कापड पहिल्या धुण्यात ओढलं जातं. दुसरी, ते मोकळे धागे कुठंही नाहीत, बरोबर दर सातव्या धाग्याला आहेत. का? सात जागांच्या लिपीत नेहमीची अक्षरं पहिल्या ६४ मध्ये बसवली की सातवी जागा क्वचितच लागते. तिथं भोकच पडत नाही, तो धागा उचललाच जात नाही. कापडावर उभ्या रेघा दिसतात, एका नक्षीत ५७. नक्षीत चूक असती तर ती अशी शिस्तीत आली नसती.

मागवाल्याला लिपी कळायची गरज नाही. "साहेब, ह्यात सात-सातचं काहीतरी हाय," एवढं तो बोलला की बास. पुढचं संपादकाचं, कारण अक्षरं मोजण्यात त्याचं आयुष्य गेलंय. सगळ्यात जास्त वेळा येणारं सातांचं टोळकं म्हणजे शब्दांमधली मोकळी जागा, दुसरा नंबर बहुधा काना. तिथनं धागा धरून तो आठवड्याभरात वाचू लागेल.

अर्धविराम

पूर्वभाग दादा, हिशेब वाचून मजा आली, पण मला धोका दिसतो. एवढं सुंदर जकार्ड आलं की कथा चादरीची होईल आणि मासिक तिच्या किनारीला जाईल. जुना_फर्मा यांनी सांगितलेली शिंप्याची कसोटी इथे लावली तर शिंपी आरामात बसतो की! शिंप्याला कापडात मजकूर सापडला, झालं. म्हणून जकार्डाला ७०० शब्दांच्या वर जागा देऊ नका आणि गाठोडं उलगडल्यावर लगेच संपादकाच्या टेबलाशी या. त्याच्यापुढे आता फक्त त्याच्याच धंद्यात येऊ शकेल असा पेच आहे. कथेवर लेखकाचं नाव आहे. त्या लेखकाने ती लिहिलेली नाही. संपादकाने ती त्याला पाठवली आणि त्याने उतरवून परत पाठवली, तर ती कुणाची? नुसतं शीर्षक पाठवलं आणि त्याने वेगळीच लिहिली, तर छापायची कुठली? आणि मानधन कुणाच्या नावे काढायचं? हा शेवटचा प्रश्न विनोदी वाटेल, पण तीच नोंद वहीत करताना संपादकाचं पेन अडलेलं दाखवा. मोठ्या तात्त्विक संवादापेक्षा ते बरं.

कथेतली कथा किती दाखवायची? माझं उत्तर, सलग कधीच नाही. तीन हजारांत पाचशे शब्द, तेही तुकड्यांत, आणि प्रत्येक तुकडा कुणीतरी काहीतरी करत असताना वाचलेला. आतली कथा 'अप्रतिम' आहे असं एकदा म्हटलं की ती दाखवायची जबाबदारी येते, आणि अप्रतिम कथा मागणीनुसार लिहिता येत नाही. त्यापेक्षा ती मध्यम असू द्या. संपादकाने एरवी ती साभार परत केली असती, आणि आता करता येत नाही कारण ती छापली गेल्याचा पुरावा समोर आहे. हे जास्त बोचतं. स्टॅनिस्लाव लेमने १९७१ च्या एका पुस्तकात हा प्रश्न मुळातूनच टाळला: अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची परीक्षणं लिहिली. तुम्हालाही आतली कथा वाचकांच्या पत्रांतून दाखवता येईल. 'गेल्या अंकातील कथा रुचली नाही, नायक शेवटी परत यायला नको होता' एवढ्या ओळीत अख्खी कथा समजते आणि पत्रलेखकही दिसतो. त्या काळच्या मासिकांतली पत्रं वाचून भाषा पक्की करा, हिराचंद नेमचंद वाचनालयात जुने बांधीव अंक आहेत का ते विचारा. आजच्या बोलण्यात लिहिलेलं १९७६ चं पत्र लगेच उघडं पडतं.

आता नावं. विज्ञानकथेच्या वर्तुळात ओळखीच्या माणसांची नावं पात्रांना द्यायची जुनी खोड आहे. विल्सन टकर नावाच्या लेखकाने ती इतकी केली की त्या प्रकाराला त्याचंच नाव पडलं. तुमच्या गटातल्या दोघांची नावं तुम्ही घातलीत तर ते दोघे खूश होतील आणि उरलेल्यांना काहीतरी आपल्याला कळलं नाही असं वाटत राहील. नकोच.

खऱ्या मराठी लेखकाला पात्र करणं त्याहून अवघड, पण एक खरी हकीकत मी जरूर वापरेन. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक होते जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी केली, आणि अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून प्रत पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. नावावर बक्षीस मिळायला नको एवढाच हेतू. हे तुमच्या कथेच्या एकच वर्ष आधीचं आहे. १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी विज्ञानकथेची दखल घेतली, ते तुमच्या दोन मार्चांच्या मधलं. तेव्हा तुमच्या संपादकाला टोपणनावाचा संशय येणं अगदी स्वाभाविक आहे. पत्त्यांतल्या कथेवरचं नाव अनोळखी असेल तर तो आधी आद्याक्षरं उलटी करून बघेल. नारळीकरांना कथेत आणू नका, त्यांची युक्ती आणा.

जुना_फर्मा

अर्धविराम ताईंशी बाकी सगळं मान्य, वाचकांच्या पत्रांबद्दल थोडं वेगळं म्हणणं आहे. पत्रं आणायची तर ती नुसती खिडकी म्हणून नकोत. माझ्या सुरुवातीच्या उदाहरणात सगळा खेळ पत्रानेच मांडला होता. मग चार लेखकांऐवजी एक लेखक आणि एक वाचक ठेवा. ३,००० शब्दांत चार कथा, चार लेखक, संपादक, जुळारी आणि मागवाला मावत नाहीत. अंकातली एकच कथा पत्त्यांत आली हे पूर्वभाग यांनी हिशेबासाठी केलं, ते कथेच्याही फायद्याचं आहे.

शब्दांची वाटणी मी अशी करेन: गाठोडं आणि बिघडलेलं कापड ७००, वाचता येणं आणि पहिला तुकडा ५००, लेखकाला कार्ड आणि त्याचं उत्तर ८००, उरलेले हजार नमुना ४ आणि त्यानंतरचं. चौकट शेवटाकडे ढकला. ती आधी आली तर कथेचं काय होणार यात कुणाला रस उरत नाही, संपादकाचं काय होणार यातच उरतो.

अणुबॉम्बची ती जुनी हकीकत मात्र घालू नका, तुमच्या मनात येईलच म्हणून सांगतो. मार्च १९४४ मध्ये 'अस्टाउंडिंग'ने क्लीव्ह कार्टमिलची युरेनियम-२३५ च्या बॉम्बवरची कथा छापली आणि लष्करी गुप्तचर चौकशीला आले, हे खरं आहे. पण विज्ञानकथा भविष्य सांगते हे पटवायला ती इतक्यांदा सांगितली गेली आहे की वाचक पुढचं वाक्य तुमच्या आधी म्हणेल.

सातरस्ता

मान्य. एक लेखक, एक वाचक, एक कथा. पूर्वभाग, एक शंका. मागवाल्याने विणलेल्या कापडावरून संपादक वाचतो की पत्त्यांवरून? आणि चुकीच्या बाजूने वाचलं तर?

पूर्वभाग

पत्त्यांवरून वाचू दे. कापडावरनं धागे मोजायला भिंग लागतं आणि वाचकाचा जीव जातो. कापड संशय यायला, पत्ते वाचायला.

बाजू चुकण्याचा मात्र पुरेपूर फायदा घ्या. पत्ता पालथा धरला की ओळ उजवीकडनं डावीकडं जाते, म्हणजे प्रत्येक सातांचं टोळकं उलटं, आणि टोळक्यांचा क्रमही उलटा. वर तो जादाचा एक रिकामा हुक आता सुरुवातीला येतो, त्यामुळं सात-सातचे गट पाडताना सगळं एका घरानं सरकतं. संपादक खिळे जुळवलेलं उलटं वाचायला सरावलेला आहे, म्हणून आरसा त्याला लगेच ओळखता येईल; सरकलेलं घर मात्र त्याला दोन रात्री फसवेल. पत्ता सुलटा आहे हे कळायचा उपाय सोपा. पत्त्यांवर अनुक्रमांक लिहिलेले असतात, आकडा वाचता आला की बाजू बरोबर.

क्रमांकावरनं आठवलं. माळेची दोरी तुटून पत्ते सांडले हे दाखवायचा मोह होईल. दाखवा, पण मग आकडे कुठंतरी पुसलेले पाहिजेत, नाहीतर लहान पोरगंही पाच मिनिटांत लावून देईल. ३७० ते ३८० एवढेच पत्ते भिजून आकडे गेलेत असं करा. त्यांत कथेचा शेवट नाही, कथा ३६९ ला संपली. त्यात तो नमुना ४ आहे, ८० शब्दांचा, म्हणजे दहा-अकरा पत्त्यांत बसणारा. संपादकाला नाव, पत्ता, तारीख सगळं सुटं सुटं वाचता येतं, कुठलं नाव कुठल्या रकान्यातलं ते मात्र लावता येत नाही. मुद्रक कोण आणि संपादक कोण, ते तसंच राहू दे.